जमिनीखालचा गंज आणि विहिरीचे पाणी

सकाळी हातपंपावर, म्हणजे इकडच्या बोलीत बोरिंगवर, आलेली बाई पहिल्या गुंडाचे पाणी बहुधा ओतून देते. ते तांबूस असते, त्याला लोखंडाचा वास येतो, त्यात शिजवलेला भात पिवळट दिसतो. कधी हे लोह जमिनीतल्या खडकातूनच आलेले असते, तर कधी पंपाचा पाइप आतून गंजत असतो. कारण कोणतेही असो, तो गंज डोळ्यांना दिसतो. गावात बोलणे होते, ग्रामपंचायतीत तक्रार जाते, मिस्त्री येतो आणि पाइप बदलला जातो.

त्याच गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पेट्रोलपंप असतो. वर चकाचक छत, दिवे, हवा भरायची नळी. खाली मात्र जमिनीच्या पोटात दहा, पंधरा किंवा वीस हजार लिटरच्या टाक्या आडव्या झोपवलेल्या असतात. नव्या काही टाक्या फायबरच्या किंवा दुहेरी भिंतीच्या असतात, पण वर्षानुवर्षे ज्या पुरल्या गेल्या त्या मुख्यतः पोलादी पत्र्याच्या. या टाक्यांचा गंज कोणाला दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून त्याची तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणून तो नाही, असे सगळे धरून चालतात. गोंदियासारख्या पाण्याच्या जिल्ह्यात असे धरून चालणे परवडणारे नाही.

येथे कोणत्याही एका पंपावर बोट ठेवायचे नाही. प्रश्न एका पंपाचा नाहीच. प्रश्न असा, की जमिनीत पुरलेल्या टाकीचे आणि शेजारच्या विहिरीचे नाते कोण सांभाळतो?

पोलाद मातीत का टिकत नाही

लोखंड खाणीतून निघते ते मातीच्या रूपात, ऑक्सिजनशी जखडलेले. माणूस भट्टीत ऊर्जा ओतून ते वेगळे करतो. विदर्भात हे काम फार जुने आहे. नागपूरजवळच्या नायकुंड येथे लोखंड वितळवण्याची महापाषाणयुगीन भट्टी सापडली आणि माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी वस्तू मिळाल्या. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ मातीत राहिलेल्या त्या वस्तू गंजाच्या पापुद्र्यांत गुंडाळलेल्या निघतात. लोखंड संधी मिळताच पुन्हा मातीच्या रूपात जाते. गंज हा अपघात नाही, लोखंडाचा तो परतीचा प्रवास आहे.

हा प्रवास विजेच्या मार्गाने होतो. टॉर्चच्या सेलमध्ये जस्ताचे भांडे झिजते आणि वीज वाहते, तसाच सेल ओल्या मातीत पुरलेल्या पोलादावर तयार होतो. टाकीच्या एका भागातून लोखंडाचे कण मातीत विरघळतात, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून दुसऱ्या भागाकडे जातात, आणि ओली माती क्षारांच्या मदतीने हे वर्तुळ पूर्ण करते. जिथून लोखंड सुटते तो भाग झिजतो, दुसरा शाबूत राहतो.

कोणता भाग झिजणार, हेही बरेचसे ठरलेले असते. टाकीच्या वरच्या अंगाला मोकळी माती आणि हवा असते. तळाला दाबलेली ओली चिकणमाती असते, तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथले पोलाद आधी जाते. म्हणजे टाकी पोखरली जाते ती पोटाकडून, जिथे पाहायला कोणी जाऊ शकत नाही. दुरुस्तीत जुन्या पाइपला नवा तुकडा जोडला, तर अनेकदा नवाच तुकडा आधी सडतो, कारण ताजे पोलाद जुन्या गंजलेल्या पोलादापेक्षा अधिक क्रियाशील असते. टाकीला तांब्याची अर्थिंग जोडली, तर तांबे सुरक्षित राहते आणि टाकी झिजते. पंपावर नवे यंत्र बसवताना इलेक्ट्रिशियनने चांगल्या हेतूने ठोकलेली एक अर्थिंगही टाकीचे आयुष्य कमी करू शकते.

या सगळ्यात आकडे फार लहान असतात, आणि धोका त्यातच आहे. एक ॲम्पिअर प्रवाह वर्षभर पोलादातून मातीत जात राहिला, तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते. पण टाकी निकामी व्हायला नऊ किलो लागत नाहीत. सहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला पाच मिलिमीटर व्यासाचे आरपार भोक पडायला एक ग्रॅमपेक्षाही कमी लोखंड जावे लागते. सगळा प्रवाह एका ठिकाणी एकवटला, की काही टन वजनाची टाकी एका ग्रॅमासाठी निकामी होते. टाकीला डांबराचा किंवा इपॉक्सीचा लेप लावलेला असतो, पण पुरताना दगडाने लेपावर एक ओरखडा उठला, तर सगळी झीज त्याच ओरखड्यावर जमा होऊ शकते. ‘लेप दिला म्हणजे झाले’ या समजुतीत हा धोका आहे.

कन्हार, मोरांड, सिहार

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. मालगुजारांच्या काळातले मामा तलाव, शेताशेतांतल्या बोड्या, नवेगावबांधचा तलाव, इटियाडोहचे पाणी, वैनगंगा आणि वाघ नदी, असा सगळा पाण्याचा पसारा. वर्षाला साधारण बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी उभे असते आणि पावसाळा संपताना अनेक गावांत विहिरीचे पाणी हाताशी आलेले असते.

शेतकऱ्याने या जमिनीला नावे दिली आहेत. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. मोरांड, सिहार, खरडी, बरडी या उतरत्या प्रतीच्या. धान कुठे चांगला येईल हे शेतकरी या नावांवरून सांगतो. गंजाचा अभ्यासक तीच जमीन वेगळ्या मापाने मोजतो. ती विजेला किती अडवते, यावर तो तिची आक्रमकता ठरवतो. कोरडी, मुरमाड, भरड जमीन विजेला अडवते, म्हणून तिथे गंज हळू चढतो. ओली चिकण जमीन विजेला वाट देते, म्हणून तिथे गंज वेगाने चढतो. धानाला मानवणारी जमीन पोलादी टाकीला मानवत नाही, असे ढोबळपणे म्हणता येते.

पाण्याखाली राहिलेल्या चिखलात आणखी एक कामगार असतो. बांधीतला काळा चिखल ढवळला की कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ऑक्सिजनशिवाय जगणारे, सल्फेटवर निर्वाह करणारे जिवाणू तो वायू सोडतात. हेच जिवाणू पोलादावर वसले की गंजाला जोर देतात. पावसाळ्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात तडकणारी जमीन टाकीच्या लेपालाही सुखाने राहू देत नाही.

पाण्याची आणखी एक गंमत आहे. वीस हजार लिटरची टाकी रिकामी असेल आणि भोवतालचे पाणी तिच्या डोक्यापर्यंत चढले, तर ते तिला वीस टन बळाने वर उचलते. टाकीचे स्वतःचे वजन याच्या कितीतरी कमी असते. म्हणून तिला खाली काँक्रीटच्या पायाशी पट्ट्यांनी बांधावे लागते. त्या पट्ट्यांखाली लेप घासला गेला, तर तिथेही गंजाला दार उघडते. कोरड्या प्रदेशासाठी काढलेला नकाशा गोंदियात जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळे.

खाली खडक आहे तो बहुतांशी कठीण. आमगावच्या नावाने भूशास्त्रात ओळखला जाणारा नाइस खडक याच भागातला. अशा खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे सारखे पसरत नाही, ते भेगांतून धावते. त्यामुळे गळलेले इंधन शेजारची विहीर सोडून दूरच्या विहिरीत निघू शकते, आणि नुसते अंतर मोजून कोणाला निश्चिंत होता येत नाही.

एका थेंबाचा हिशेब

सेकंदाला एक थेंब, एवढी गळती धरली तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक इंधन मातीत जाते. हे पंपाच्या हिशेबात पकडता येते का? मे महिन्याच्या विदर्भात दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान दहा अंशांनी बदलले, तर त्याचे आकारमान सुमारे शंभर लिटरने कमी-जास्त होते. थोडे वाफ होऊन उडते, थोडी मापाची चूक असते. या चढउतारात रोजचे चार लिटर सहज लपतात. आज अनेक पंपांवर टाकीतली पातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रे आहेत. त्यांचा उपयोग मोठा आहे, पण त्यांनाही मर्यादा आहे. अमेरिकेत अशा यंत्राने महिन्यातून एकदा करायच्या चाचणीसाठी ठरवलेली मर्यादा ताशी ०.२ गॅलन, म्हणजे दिवसाला सुमारे अठरा लिटर एवढी आहे. सेकंदाला एक थेंब ही गळती तिच्या कितीतरी खाली बसते.

आता हेच थेंब पाण्याच्या बाजूने मोजावेत. भारतात सध्याच्या मानकांनुसार पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापर्यंत असू शकते. बेंझिन हाडांतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होते त्या ठिकाणी परिणाम करते. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एक टक्का बेंझिन असलेल्या एका लिटर पेट्रोलमध्ये ते जवळपास नऊ ग्रॅम भरते. कागदावर भागाकार केला, तर एक लिटर पेट्रोल सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. चार मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे त्रेसष्ट हजार लिटर पाणी असते. म्हणजे अशा चौदा विहिरी.

प्रत्यक्षात एवढे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. बेंझिनचा काही भाग उडून जातो, काही मातीत अडकतो, काही जिवाणू खाऊन टाकतात. गळतीचा शेवटचा थेंब विहिरीत पोचतोच असे नाही. पण या भागाकारातून प्रश्नाचा आकार कळतो. पंपाच्या वहीत न दिसणारी गळती पाण्याच्या दृष्टीने मोठी असू शकते.

दुसरा गैरसमज वासाचा. पाण्याला पेट्रोलचा वास आला नाही म्हणजे पाणी शुद्ध, असे वाटणे साहजिक आहे. पण बेंझिनची चव जिभेला जाणवायला लागते ती लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे. म्हणजे मर्यादेच्या पन्नास पटींपर्यंत पाणी गोडच लागू शकते. तुरटी फिरवून किंवा क्लोरीनचे द्रावण टाकून ते जात नाही. उकळल्यावर ते पाण्यातून निघते, पण बंद स्वयंपाकघरातल्या हवेत जाते. आणि गावात पाणी तपासायला जी पेटी वापरतात, ती सामू, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, जिवाणू अशा गोष्टी दाखवते. बेंझिन दाखवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतले गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र लागते. जे शोधलेच जात नाही, ते सापडणार कसे?

दोनशे वर्षांचा जुना उपाय

गंज थांबवण्याचा उपाय नवा नाही. १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्याचा प्रश्न मांडला. समुद्राच्या पाण्यात तो पत्रा झिजत असे. डेव्ही यांनी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. तांब्याऐवजी ते तुकडे झिजू लागले आणि तांबे वाचले. जहाजबांधणीत हा उपाय लगेच रुजला नाही, त्याचे कारण वेगळे. तांब्याचे विरघळणे थांबल्यावर त्याचा विषारी अंशही पाण्यात जाईना, आणि जहाजाच्या बुडावर शिंपले व शेवाळ जमू लागले. उपाय अचूक होता, पण त्याचा परिणाम पाहत राहणे आवश्यक होते. जमिनीखालच्या टाकीलाही हे तंतोतंत लागू पडते.

आज याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात. टाकीला तारेने मॅग्नेशियमचे किंवा जस्ताचे ठोकळे जोडून ते शेजारी मातीत पुरतात. हे धातू पोलादापेक्षा लवकर विरघळतात, म्हणून झीज त्यांच्यावर जाते आणि टाकी वाचते. दुसऱ्या पद्धतीत विजेच्या पेटीतून ठरावीक प्रवाह मातीमार्गे टाकीकडे पाठवतात. लेप आणि ही विद्युत-राखण एकमेकांना पूरक असतात. लेप बहुतेक पत्रा झाकतो, आणि लेपाला जिथे ओरखडा आहे तिथे विजेचा पहारा बसतो.

संरक्षण चालू आहे की नाही, हे टाकी न उकरता कळते. मातीवर तांबे-मोरचुदाचा एक संदर्भ इलेक्ट्रोड टेकवून व्होल्टमीटरने टाकीचा विभव मोजतात. तो उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल, तर पोलाद सुरक्षित आहे असे सामान्यतः मानतात. माणूस, मीटर आणि पाऊण तास एवढेच या तपासणीला लागते. पण ती करावी लागते, कारण मॅग्नेशियमचे ठोकळे झिजून संपतात, तारा तुटतात, कोणीतरी पेटीचे बटण बंद करून ठेवतो. प्रवाह गरजेपेक्षा जास्त झाला, तर लेप पत्र्यापासून सुटू लागतो. अमेरिकेत अशा व्यवस्थेची तपासणी दर तीन वर्षांनी आणि विजेच्या पेटीची पाहणी दर साठ दिवसांनी करणे बंधनकारक आहे.

तिथे हा कायदा सहजासहजी आला नाही. साध्या पोलादाच्या लाखो टाक्या गळून भूजल बिघडू लागले, तेव्हा १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत ठरली. त्या देशात आजवर पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. माती उकरून पाणी शुद्ध करण्याचा खर्च टाकी जपण्याच्या खर्चापुढे अवाढव्य ठरला.

मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहराने याहून भयंकर किंमत मोजली. तिथे पोलादी पेट्रोलवाहिनीच्या अगदी जवळून पाण्याचा वेगळ्या धातूचा नळ गेला होता. ओल्या जमिनीत दोन्हींचा सेल तयार झाला, वाहिनीला भोक पडले आणि पेट्रोल गटारांत उतरले. रहिवासी गटारांतून वास येत असल्याची तक्रार करत होते. २२ एप्रिल १९९२ रोजी रस्त्यामागून रस्ते फुटत गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. तिथे निदान वास आला होता, तरीही वेळेत हालचाल झाली नाही.

आतूनही गंज

टाकी बाहेरूनच गंजते असे नाही. तिच्या तळाशी थोडे पाणी साचतेच, कधी झाकणातून झिरपलेले, कधी हवेतल्या दमटपणाचे. पूर्वीपासून पंपांवर रोज सळई टाकून पातळी मोजण्याची पद्धत आहे. सळईचे टोक वर्षानुवर्षे एकाच जागी आदळून तिथला पत्रा झिजतो. म्हणून त्या जागी आतून जाड पट्टी बसवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी डिझेलच्या बेचाळीस टाक्या आतून पाहिल्या. त्यांपैकी त्र्याऐंशी टक्के टाक्यांत मध्यम ते तीव्र गंज निघाला, आणि याची कल्पना असलेले मालक पंचवीस टक्क्यांहूनही कमी होते.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पोचले आहे. उसाबरोबर मका आणि तुटलेल्या तांदळापासूनही ते तयार होते, तेव्हा धानाच्या जिल्ह्याला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. दमट जागेत काही जिवाणू इथेनॉलचे ॲसिटिक आम्लात रूपांतर करतात. ताडी आंबून आंबट होते, तीच ही क्रिया. ते आम्ल पोलादाला आणि तांब्याला खाते. मातीत गळती झाली, तर जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि बेंझिन नंतरसाठी ठेवतात, त्यामुळे बेंझिन आणखी दूरवर जाऊ शकते. इथेनॉल नको, असा याचा अर्थ नाही. इंधन बदलले की टाकीची काळजीही बदलली पाहिजे, एवढाच अर्थ आहे.

राखणदार कोण?

पेट्रोलियम साठ्याचे परवाने देणारी केंद्र सरकारची यंत्रणा, पेसो, तिचे मुख्यालय नागपुरात आहे, गोंदियाहून रेल्वेने एका सकाळच्या अंतरावर. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांचा भर साहजिकच आग आणि स्फोट यांवर आहे. पेट्रोल पेटते, म्हणून ते जपायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाना आणि वस्तीपासून पन्नास मीटर, आणि अडचण असेल तरी किमान तीस मीटर अंतर त्यांत सांगितले आहे. पण त्याआधी उभे राहिलेले पंप, एसटी आगारांतले डिझेलचे साठे आणि इतर खासगी साठे जिथे आहेत तिथेच आहेत. एके काळी गावाबाहेर असलेल्या पंपाभोवती आता गाव वाढले आहे.

भूजलासाठी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूजलाचा २००९ चा कायदा आहे. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजली जाते. टाकी एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे, आरोग्य तिसऱ्याकडे. पंपावरही अनेक ठिकाणी टाकी कंपनीची आणि धंदा डीलरचा असतो. गंज मात्र अशा वाटण्या पाहत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. जिल्ह्यात अशी मोठी दुर्घटना झाल्याची ओरड नाही, मग हा खर्च आणि ही भीती कशासाठी? याचे उत्तर वर आलेच आहे. चव लागत नाही, गावाच्या पेटीत दिसत नाही, पंपाच्या वहीत लपते, अशा गोष्टीची ओरड होत नसते. बेंझिनचा आजार वर्षांनंतर दिसतो, आणि तेव्हा त्याला कोणी विहिरीशी जोडत नाही. दुसरा आक्षेप डीलरचा. छोट्या गावातल्या पंपाला एवढा भार झेपेल का? हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच हा भार एकट्या डीलरवर टाकू नये. टाकी ज्या कंपनीची, तपासणी तिने करावी. विभव मोजायला आणि झिजलेले ठोकळे बदलायला लागणारा पैसा नवी टाकी बसवण्याच्या पैशापुढे किरकोळ असतो.

करायच्या गोष्टी चारच आहेत. पहिली, जिल्ह्यातल्या प्रत्येक भूमिगत इंधनटाकीची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात असावी. टाकी कोणत्या वर्षी पुरली, पोलादाची की फायबरची, एकेरी की दुहेरी, लेप कोणता, विद्युत-संरक्षण आहे की नाही, बंद पडलेल्या पंपाची टाकी काढली की तशीच राहिली, हे त्यात असावे. मालक कुलूप लावून गेला तरी टाकी गंजतच राहते. म्हणून सोडलेली टाकी रिकामी करून, धुऊन, काढून टाकावी किंवा वाळूने भरून बंद करावी.

दुसरी, पोलादी टाक्यांचा विभव वर्षातून दोनदा मोजावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर. कोरड्या जमिनीत ठोकळ्यांचा प्रवाह कमी पडतो, ओल्या जमिनीत गंजाचा जोर वाढतो. गोंदियाची माती दोन्ही टोके गाठते, तेव्हा एकाच ऋतूतल्या आकड्यावर विसंबता येणार नाही. पंपावर पाच लिटरचे माप, फिल्टर पेपर आणि घनता तपासण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्याच फलकावर टाकीच्या तपासणीची तारीख आणि आकडा लिहिला, तर शेजाऱ्यांनाही तो वाचता येईल.

तिसरी, पंपांच्या परिसरातल्या पिण्याच्या विहिरी आणि बोरिंगचे पाणी वर्षातून एकदा बेंझिनसाठी प्रयोगशाळेत तपासावे. राष्ट्रीय महामार्गावरचे कोहमारा आणि देवरी, आणि गोंदिया, तिरोडा, आमगाव यांसारखी पंपांभोवती दाट झालेली गावे येथून सुरुवात करता येईल. निकाल चांगला आला, तरी तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. चांगली बातमी कळण्याचाही लोकांना हक्क आहे. चौथी, जिथे पाणी वर आहे तिथे नवी टाकी घालताना एकेरी पोलादी टाकीचा विचारच होऊ नये. दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये गळती सांगणारे यंत्र, हे अशा जमिनीतले किमान बांधकाम मानावे.

गावकऱ्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला किंवा इंधनाचा वास आला, तर ते पाणी पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे त्याच दिवशी बंद करून ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला कळवावे. आणि पाहायला म्हणून विहिरीत कोणी उतरू नये, कंदील किंवा काडी आत धरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते, माणसाला गुदमरवते आणि एका ठिणगीने पेटते.

या जिल्ह्यात तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने पाण्याची एक रीत घालून दिली होती. तलाव बांधून ते थांबले नाहीत. पाळ कुठे खचली, पाणी कुठे झिरपते, हे पाहणारा माणूस त्यांनी ठेवला. पाळीतली बारीक गळती वेळेत बुजवली नाही तर तलाव जातो, हे त्यांना ठाऊक होते. जमिनीखालच्या टाकीची गोष्ट वेगळी नाही. तिथेही वेळेवर फिरकणारा एक माणूस, त्याच्या हातातला एक मीटर आणि तारखेसह लिहिलेला एक आकडा, एवढे पुरेसे आहे. बोरिंगवर आलेली बाई तांबूस पाणी पाहून ओतून देऊ शकते. जे तिला दिसत नाही, ते पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणी तरी घ्यायला हवी.